आईंच्या घंटेची शंभर टक्के बॅटरी

प्रिय भाऊजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद, आणि या वेळी त्यांत दोन-चार जास्तीचे, कारण पत्र लांबणार आहे. तुमची पाठ, जाऊबाईंचा गुडघा आणि तुमच्या कन्येचं नोकरीत न रमणारं मन ही तिन्ही आता ठिकाणावर आली असतील असं धरून चालते. (आली नसतील तर कळवा. काळजी करायला मी मोकळीच आहे. सध्या आमच्या घरातली सगळी काळजी तुमच्या दादांनी आपल्याकडे घेतली आहे, त्याची हकीकत पुढे येईलच.) आईंची तब्येत बरी आहे. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच घालते आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मध्येच उठून तिकीट काढायला धावणार नाही. सावकाश बसून वाचा. जमलं तर चहा जवळ घ्या.

तुम्ही म्हणाल, वहिनी, फोन असताना पत्र कसलं लिहिताय? तर फोन मी स्वयंपाकघरातून केला तरी तुमचे दादा बाहेरच्या खोलीत बसून ऐकतात आणि माझ्या बोलण्यातले आकडे तिथूनच दुरुस्त करतात. मेसेज लिहिण्याचं धैर्य मागच्या वर्षीच संपलं. (तुमच्या मावशींच्या नव्या दातांबद्दल मी फक्त जाऊबाईंना म्हणून जे लिहिलं होतं ते सगळ्या कुटुंबाच्या गटावर गेलं, आणि मावशींनी त्याला हसरा चेहरा टाकला. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.) शिवाय गेले अडीच महिने तुम्हा दोघा भावांचं बोलणं बंद आहे, आणि ज्याच्याशी बोलणं बंद त्याला माझ्या फोनवरून निरोप गेलेलाही ह्यांना खपत नाही. पत्राबद्दल मात्र ह्यांनी काही नियम केलेला नाही, कारण हल्ली कुणी पत्र लिहील हे ह्यांच्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्या फटीतून मी आत शिरले आहे.

तुमच्या दादांचा स्वभाव तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्यांच्याच धाकात वाढलात. पण तुम्ही त्यांना भाऊ म्हणून पाहिलंत. वजनमापे निरीक्षक म्हणून मी पाहिलं, तेही घरात. दुकानदारांना निदान सुटीच्या दिवशी सुटी असायची. लग्नाच्या आठव्या दिवशी ह्यांनी माझी शिवणाची टेप जप्त केली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. टेप माझ्या आईची, वापरून वापरून ताणलेली, पाऊण इंच लांब झालेली. ह्यांनी ती आपल्या पेटीतल्या पोलादी पट्टीला लावून पाहिली, तोंडाने 'च्' असा आवाज केला आणि मला समोर उभं करून अर्धा तास समजावलं. माझं म्हणणं, अंगाचं मापही त्याच टेपने आणि कापडाचंही त्याच टेपने, तेव्हा कपडा बसतोच. वर गिऱ्हाइकाला कंबर कमी भरल्याचा आनंद फुकट. ह्यांचं म्हणणं, हाच तर गुन्हा! मापाची तपासणी नेहमी बाहेरच्या मापाने करायची. दुकानदाराचा काटा दुकानदाराच्याच वजनांनी तपासला तर तो जन्मभर बरोबरच निघणार. हे वाक्य मी तेहतीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की शिवणयंत्राच्या तालावर म्हणता येतं.

अशा माणसाला गेल्या वर्षी निवृत्त केलं आणि आमच्या अंगावर सोडलं. पहिल्या महिन्यात दूधवाल्याचं माप तपासून झालं, दुसऱ्यात माझे स्वयंपाकातले चमचे. तिसऱ्या महिन्यात शेजारीण आपल्या बाळाचं वजन दवाखान्यातून करून आली आणि कौतुकाने सांगू लागली, तर ह्यांनी विचारलं की दवाखान्याचा काटा शेवटचा केव्हा तपासला होता. (ती हल्ली आमच्याकडे येत नाही. बाळ मात्र चांगलं बाळसेदार आहे, गॅलरीतून दिसतं.) म्हणून तुम्ही जेव्हा ती इलेक्ट्रॉनिक्सची पेटी पाठवलीत, तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात किती दुवा दिला म्हणून सांगू. नखाएवढी चिप बसवलेली ती पाटी, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स, तारा, छोटी स्क्रीन, त्या जोडायला डाख देण्याचं यंत्र. तुमचे दादा जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून जे बसले ते उठेनात. आम्ही सासू-सुना ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो, पण घरात शांतता होती.

पुढे आई पलंगावरून उतरताना घसरल्या ते तुम्हाला माहीत आहेच. मार लागला नव्हता, पण माझं शिवणयंत्र आणि ह्यांचा टीव्ही यांच्या गोंधळात त्यांची हाक कुणालाच ऐकू गेली नाही. तुम्ही धावत आलात आणि आईला मी घेऊन जातो म्हणालात. तुमच्याकडे लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, आणि तुमचंही आईवर तेवढंच हक्काचं प्रेम आहे, यातलं मी काहीच नाकारत नाही. ह्यांनी त्यावर घंटा करून देतो म्हणून प्रतिज्ञा केली. आणि तुम्ही अट घातलीत, घंटा एकदा जरी चुकली तर आई माझ्याकडे येणार. तोंडी अट ह्यांना चालते थोडीच! ह्यांनी ती कागदावर घेतली, दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून माझी सही. आईंची सही कुणी मागितली नाही. तो कागद आमच्या कपाटात आहे. मी हे पत्र लिहायला बसले आहे त्याचं कारणही तोच कागद.

घंटा झाली मात्र झकास. बाहेरच्या खोलीत भिंतीवर डबा, त्यातून निघालेली बारीक तार दाराच्या चौकटीवरून आईंच्या खोलीत, आणि तिच्या टोकाला उशीजवळ बटण. आईंनी बटण दाबलं की डब्यातला भोंगा असा कोकलायचा की खालच्या मजल्यावरचा सुतार हातातला रंधा टाकायचा. वीज गेली तर आईने काय करायचं, म्हणून सगळं बॅटरीवर. आणि बॅटरी उतरली तर काय करायचं, म्हणून डब्यावर स्क्रीन आणि स्क्रीनवर बॅटरी किती उरली त्याचा आकडा. तो आकडा होता शंभर. दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशी शंभर. हे मिशीला पीळ देत म्हणाले, बघ, याला म्हणतात काम, आठवडा होत आला आणि एक टक्का हलला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण आपल्या घरात न उतरणारी गोष्ट मी आजवर एकच पाहिली आहे, आणि ती म्हणजे तुमच्या दादांचा पारा.

त्याच आठवड्यात ह्यांनी तुम्हाला फोन करून ते शंभर ऐकवले, आणि तुम्ही आपले साधेपणाने विचारलंत की दादा, मोजताना रेफरन्स कुठला घेतलास, कशाशी ताडून पाहिलंस? भाऊजी, तुमचा प्रश्न बरोबर होता, हे आता मी जाणते. पण तुम्ही तो कुणाला विचारलात! ह्यांचा चेहरा पाहायला तुम्ही इथे नव्हता ते बरं. चौतीस वर्षं ज्याने अख्ख्या बाजारपेठेला रेफरन्स विचारला त्याला धाकट्या भावाने रेफरन्स विचारावा! फोन आपटला तो आपटलाच. त्या दिवसापासून तुमचं नाव काढलं की हे पाणी प्यायला उठतात.

आता खरा भाग. पहिला आठवडा हे रोज सकाळी आईंच्या खोलीत जायचे, बटण दाबून घंटा तपासायचे, आणि गेलेच आहेत तर खुर्चीवर दहा मिनिटं टेकायचे. आईही काही ना काही निमित्ताने बटण दाबायच्या. पांघरूण सरकलं, खिडकी लावायची आहे, आज वार कोणता. आठव्या दिवशी ह्यांनी सांगितलं की आई, बटण कामापुरतंच दाबत जा, भोंगा बॅटरी खातो. आणि स्वतःची तपासणीही बंद केली. समोर शंभर दिसतायत, तर उगाच वाजवून बॅटरी कशाला घालवायची? आईंनी बटण दाबायचं सोडलं. ह्यांनी बाहेरच्या खोलीतली खुर्ची डब्यासमोर ओढली आणि त्या आकड्याकडे बघत बसू लागले. त्यानंतरचे दहा दिवस तुमचे दादा आईंच्या खोलीत गेले नाहीत. मला हे आता मोजल्यावर कळतंय. तेव्हा मीही त्या शंभराकडे बघून निर्धास्तपणे पिशवी उचलून बाहेर पडत होते. सगळं ह्यांच्याच माथी मारणं बरोबर होणार नाही.

सतराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी शिवलेले कपडे पोचवायला आणि दोरे-बटणं आणायला बाहेर गेले. घरी आई आपल्या खोलीत, दार लोटलेलं, पंखा चालू. हे बाहेर खुर्चीत, मांडीवर वही. (ही वही तुम्ही पाहिलेली नाही. 'यंत्र-निरीक्षण' असं वर लिहिलेलं आहे आणि समास आखलेला आहे.) मी सव्वाबाराला परत आले तेव्हा हे मोठ्या खुशीत होते. म्हणाले, आज यंत्राने कमाल केली. मधूनमधून स्क्रीन आपण होऊन विझते, पुन्हा लागते आणि पुन्हा शंभर दाखवते. स्वतःच स्वतःची तपासणी करतंय! मी हे शिकवलंही नव्हतं त्याला! मी म्हटलं, छान, आणि पिशवी तशीच घेऊन आईंच्या खोलीत गेले.

आई जमिनीवर बसल्या होत्या. पाठ पलंगाला टेकवून, पाय लांब करून, हातात ते बटण. चष्मा पलंगाखाली गेला म्हणून तो काढायला खाली बसल्या आणि पुन्हा उठता येईना. लागलं काहीच नव्हतं, देवाची कृपा. मला पाहून म्हणाल्या, "ये. तो कामात असेल." एवढंच. तास-सव्वा तास त्या तशाच बसून होत्या. मी विचारलं, हाक का नाही मारलीत? तर म्हणाल्या, पोराने एवढी घंटा करून दिली आहे, ती सोडून ओरडायचं कसं, त्याला वाईट वाटलं असतं. दार लोटलेलं, शिवाय पंखा, तेव्हा घंटा वाजत नाही हे त्यांना कळलंच नाही, आणि कान तर तुम्हाला माहीतच आहेत. त्या बटण दाबत होत्या आणि आता येईल, आता येईल म्हणून दाराकडे बघत होत्या.

मी ह्यांना हाक मारली. दोघांनी मिळून आईंना उचलून पलंगावर बसवलं. मग मी विचारलं की आई, बटण किती वेळा दाबलंत? म्हणाल्या, "दहा-अकरा वेळा दाबलं असेल." ह्यांच्या हातात ती वही तशीच होती. ह्यांनी ती उघडली. भाऊजी, त्या पानावर अकरा नोंदी होत्या. अकरा वाजून पाच मिनिटं, स्क्रीन क्षणभर विझून पुन्हा लागली, स्व-तपासणी, समाधानकारक. अकरा वाजून आठ मिनिटं, तसेच, समाधानकारक. अशा ओळीने अकरा, सुवाच्य अक्षरात, आणि शेवटच्या नोंदीपुढे शेरा, 'यंत्र विशेष सतर्क'. आईने मारलेल्या अकरा हाका ह्यांनी समोर बसून, घड्याळ लावून लिहून घेतल्या होत्या. तुमचे दादा शेवटच्या शेऱ्यावर बोट ठेवून 'म्हणजे ते' एवढंच म्हणाले. मी लग्नानंतर प्रथमच त्यांना एखादं वाक्य अर्धवट सोडताना पाहिलं, आणि खरं सांगते, मला तेव्हा भांडायला एवढे शब्द सुचत होते ते सगळे गिळावे लागले.

झालं काय होतं, ते ह्यांनीच मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. (दोन दिवस तोंड उघडलं ते फक्त जेवायला, तेही बेताचंच.) डब्यातली चिप बॅटरी मोजायची, पण ज्या मापाने मोजायची ते मापही त्याच बॅटरीतून यायचं. बॅटरी उतरली की मापही तेवढंच उतरायचं, मग हिशेब कायम शंभर. मी म्हटलं, म्हणजे माझ्या आईच्या टेपसारखंच की! अंगही त्याच टेपने, कापडही त्याच टेपने. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य तोंडातच ठेवलं, जरी ते मला यंत्राच्या तालावर पाठ होतं. आणि स्क्रीन का विझायची, तर आकडा दाखवायला ताकद फारशी लागत नाही, पण भोंग्याला लागते. आई बटण दाबायच्या, भोंगा उरलीसुरली ताकद ओढायचा, चिपला भोवळ यायची, स्क्रीन विझायची. बटण सुटलं की चिप शुद्धीवर यायची आणि डोळे उघडल्या उघडल्या म्हणायची, शंभर!

याहून वाईट तर पुढेच आहे. सहा महिने चालायची ती बॅटरी सतरा दिवसांत संपली कशाने? भोंग्याने नाही, आईंनी तर दहा दिवस बटणाला हातही लावला नव्हता. बॅटरी मोजण्यासाठी म्हणून जे दोन रेझिस्टन्स लावले होते ते ह्यांनी वीज फारच कमी अडवणारे लावले होते, मोजण्यात काटकसर नको म्हणून. त्यांतून रात्रंदिवस वीज झिरपत होती. बॅटरी किती उरली ते पाहण्यातच बॅटरी संपली. ऑफिसात असा एक विभाग होता म्हणे, पण ते ह्यांनी सांगितलेलं तुमच्यापाशीच ठेवा.

चौथ्या दिवशी ह्यांनी कपाटाच्या तळातून आपली जुनी हत्यारं काढली, शिशाची गोळी, पितळी तार आणि पक्कड. भिंतीवरून डबा उतरवला, त्यातून तार ओवली, गोळी दाबून शिक्का मारला आणि वर लाल पेन्सिलीने लिहिलं, 'बाद'. खोटं माप सापडलं की दुकानदारासमोर जसं करायचे अगदी तसंच. फक्त या वेळी पावती कुणाच्या नावे फाडायची हा प्रश्न होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, तेव्हा दोन्हीसाठी मी कांदा चिरायला घेतला.

मग ह्यांनी तुम्ही पेटीबरोबर पाठवलेलं जाडजूड पुस्तक काढलं, जे इतके दिवस टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होतं. त्यात सरळ लिहिलेलं निघालं की चिपच्या पोटातच विजेचा एक छोटा, ठरलेला दाब असतो, बॅटरी चढो नाहीतर उतरो, तो आपला जागचा हलत नाही. मोजायचं ते त्याच्याशी. म्हणजे तुमचा रेफरन्स. त्या पानात ह्यांनी खूण घालून ठेवली. मी विचारलं, भाऊजींना फोन लावू का? तर उठून पाणी प्यायले.

आता नवा डबा झाला आहे. रेझिस्टन्स वीज नीट अडवणारे आहेत, मोजणी खरी आहे, आणि स्क्रीनवर खरा आकडा येतो. तीच तर पंचाईत आहे. पहिल्या दिवशी सत्त्याण्णव होता, दुसऱ्या दिवशी शहाण्णव झाला. खोट्या शंभरावर जो माणूस ढाराढूर झोपायचा तो खऱ्या शहाण्णवावर कुशी बदलतो. आकड्यावर आता भरवसा राहिला नाही, म्हणून दर दीड-दोन तासांनी हे आईंच्या खोलीत जातात, बटण दाबतात, भोंगा वाजवून खात्री करतात, त्याने आकडा आणखी उतरतो, मग काळजी वाढते, मग पुन्हा जातात. (सुतार परवा वर येऊन विचारून गेला की घरी सगळं ठीक आहे ना.) गेल्यावर लगेच उठता येत नाही, आई काहीतरी काढतात. तुम्ही लहानपणी शाळेची वही कुणाच्या विहिरीत टाकली होतीत यावरून परवा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. काल हे त्यांना पेपर वाचून दाखवत होते आणि आई डोळे मिटून ऐकत होत्या. मी शिवणयंत्र थांबवून दारातून पाहत राहिले. मला वाटतं त्यांना बातमी एकही कळली नसेल, आणि त्याची त्यांना गरजही नसावी.

तर अशी ही इथली खुशाली. जाऊबाईंना नमस्कार सांगा आणि गुडघ्याला शेक घ्यायला सांगा. मुलीला म्हणावं, नोकरीत मन लागत नसेल तर काकांकडे ये, इथे यंत्र-निरीक्षणाला एक जागा रिकामी आहे. पत्र फाडून टाकू नका, पण तुमच्या दादांच्या हाती लागेल असंही ठेवू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. ह्यांनी एका कागदावर बॅटरीचा तपशील लिहून ठेवला आहे, आहे त्याच्या तिप्पट क्षमतेची, अमुक इतक्या जाडीची. इथल्या दुकानात मिळते ती ह्यांना पसंत नाही, तुमच्या तिकडची हवी आहे. कागद पाकिटात घालून, तुमचा पत्ता लिहून, तिकीट लावून तीनदा टपालपेटीपर्यंत जाऊन आले आहेत. टाकवत नाही. तेव्हा आपण होऊन सुचल्यासारखं दाखवून एक मोठी बॅटरी पाठवून द्या. सोबत दोन ओळी लिहिल्यात तर उत्तम, फक्त त्यांत रेफरन्स हा शब्द नको.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे सगळं पत्र एवढ्यासाठीच आहे, पण वर लिहायला धीर झाला नाही. घंटा चुकली, भाऊजी. एकदा नाही, अकरा वेळा. कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, म्हणून लपवता आलं असतं तरी लपवलं नाही. तुम्ही उद्या येऊन आईंना न्याल म्हणालात तर तुमचे दादा एक शब्द बोलणार नाहीत. त्यांनी आईंच्या औषधांची यादी स्वच्छ लिहून त्यांच्या ट्रंकेवर ठेवली आहे, मी ती पाहिली. पण माझी तुम्हाला विनंती आहे, नेऊ नका. पहिली वीस वर्षं आमचं दोघींचं पटलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच मध्ये पडायचात. आता त्या गेल्या तर मला घर खायला उठेल. तुम्ही या, महिनाभर राहा, आईंच्या खोलीत गादी घालून देते. तुम्ही दोघं भाऊ त्या डब्यापाशी बसून काय वाद घालायचा तो घाला. पण त्यांना इथेच राहू द्या.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ज्यांच्याबद्दल एवढं लिहिलं त्यांना न विचारता पाठवणं बरं वाटेना, म्हणून आत्ता दार लोटून सगळं पत्र आईंना हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी एकच चूक काढली. बटण अकरा नाही, बारा वेळा दाबलं होतं म्हणे. एकदा तो पाणी प्यायला उठला असेल. मग म्हणाल्या की धाकट्याला लिही, मोठी बॅटरी पाठवू नकोस, आहे ती बरी आहे, लवकर उतरते. मी म्हटलं, आई, लवकर उतरते हाच तर तिचा दोष आहे! त्यावर त्यांनी उशीजवळचं बटण उचललं आणि दाबलं. भोंगा कोकलला, खाली रंधा पडला, आणि मी पत्र कापडाच्या गठ्ठ्याखाली सारते आहे तोवर तुमचे दादा एका पायात चप्पल घालून दारात हजर.

"काय झालं, आई?"

"काही नाही. किती राहिली बॅटरी?"

"एक्क्याऐंशी."

"कमीच आहे," आई म्हणाल्या. "बस इथे, लक्ष ठेव."